वाया जाणाऱ्या उष्णतेचा ताळेबंद

कारखान्यांच्या धुराड्यांतून बरीच उष्णता विनामोबदला निसटते. तिची वीज करता येईल काय? पदार्थाचे एक टोक तापवून दुसरे थंड ठेवल्यास विद्युतदाब निर्माण होतो. थॉमस सीबेक यांच्या १८२१ मधील प्रयोगांवरून यास ‘सीबेक परिणाम’ म्हणतात.

प्रचलित बिस्मथ टेल्युराइडमधील टेल्युरियम दुर्मीळ आहे. झिंक ऑक्साइड मात्र स्वस्त असून उच्च तापमानासही हवेत टिकते. त्यात किंचित ॲल्युमिनियम मिसळल्यास मुक्त इलेक्ट्रॉन वाढून वीजवहन सुधारते. परंतु ते फार वाढले की दर अंशामागे मिळणारा विद्युतदाब घटतो. पातळ थरांतील सूक्ष्म कणांच्या सीमा उष्णतेचे वहन रोखतात. मात्र त्या विजेलाही काहीशा अडवितात.

हा जमा-खर्च जुळविणे, हेच संशोधकांपुढील खरे आव्हान होय.