बावीस वर्षांचे अठ्ठावीस दिवस

आईचा मिक्सर २००३ सालचा. गेल्या महिन्यात सुकं खोबरं फिरवताना आतून ठिणग्या दिसल्या, करपट वास आला आणि घरात सगळ्यांचं एकमत झालं, बावीस वर्षं झाली, आता नवा घ्या. मला ते पटेना. मिक्सर पिशवीत घालून मी पुण्यात तपकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. दुसऱ्या पिशवीत धाकट्या बहिणीचा मिक्सर होता, जेमतेम तीन वर्षांचा. तो तर पूर्ण बंद पडलेला.

काकांनी आधी आईचा घेतला. उलटा केला, चार स्क्रू काढले, तळाची प्लेट उचलली. मोटरच्या दोन बाजूंना समोरासमोर कार्बन बसवलेले असतात. त्यातला एक स्प्रिंगसकट ओढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि शेजारी नवा ठेवला. नवा बोटाच्या पेराएवढा होता. आमचा झिजून तुरीच्या डाळीएवढा उरला होता.

मोटरचा फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर असतो. तो मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो आणि हे दोन कार्बन त्याला सतत टेकून वीज पोचवतात. इतक्या घासाघाशीत काहीतरी झिजणारच, म्हणून कार्बन तांब्यापेक्षा मऊ ठेवलेला असतो. पन्नास रुपयांच्या जोडीनं झिजायचं आणि महागडं आर्मेचर वाचवायचं, अशी ती रचना आहे. “अजून थोडे दिवस चालवला असता ना ताई, तर स्प्रिंग तांब्याला लागली असती. मग आर्मेचर गेलंच,” काका म्हणाले. पॉलिश पेपरची बारीक पट्टी त्यांनी कम्युटेटरवरून फिरवली, काळी पूड ब्रशने झटकली, आणि खालचं तांबं पुन्हा लालसर दिसू लागलं.

भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरचंही तसंच. हळकुंड पात्यात अडकलं की कपलरचे दात तुटतात आणि मोटरवरचा ताण सुटतो. तळाशी ओव्हरलोडचं लाल बटण असतं, मोटर फार तापली की तेच वीज तोडतं. आपल्या हातात असतो तो भांड्याच्या बुडातला बुश. तो झिजला की पाणी गळतं आणि थेट मोटरवर उतरतं. गळणाऱ्या भांड्याखाली फडकं ठेवून आपण महिनोन्‌महिने दिवस काढतो. काकांच्या मते सर्वांत जास्त मिक्सर त्यानेच मरतात.

कार्बन बसेपर्यंत मी तिथल्याच एका पावतीच्या मागे हिशोब मांडला. आमच्याकडे सकाळचं वाटण, कधी चटणी, कधी दाण्याचं कूट, सरासरी रोजची पाच मिनिटं. वर्षाला साधारण तीस तास. बावीस वर्षांचे ६७० तासही होत नाहीत, म्हणजे सलग चालवला असता तर अठ्ठावीस दिवस. फ्रिज चोवीस तास विजेवर असतो, त्याचा कॉम्प्रेसर एवढे तास दीड-दोन महिन्यांत भरतो आणि तरी आपण त्याच्याकडून दहा-पंधरा वर्षं धरूनच चालतो. मग मिक्सरकडून वीस वर्षांची अपेक्षा ठेवणं मला मुळीच जास्त वाटत नाही. वॉरंटी दोन वर्षांची, मोटरवर कुठे पाच वर्षांची. तेवढ्यावर त्याचं आयुष्य मोजायची सवय आपण लावून घेतली आहे.

बहिणीच्या मिक्सरने मात्र मला खरंच राग आणला. स्क्रूंची डोकी अशा आकाराची की साध्या पेचकसाने उघडणार नाहीत. काकांनी वेगळं हत्यार लावून तो उघडला. बिघाड छोटा होता, कार्बनचा होल्डर वितळला होता. पण तो होल्डर सुटा मिळत नाही. काकांनी माझ्यासमोरच फोन केला. पलीकडून उत्तर आलं की पूर्ण मोटर घ्या. तिची किंमत नव्या मिक्सरच्या निम्म्याहून जास्त.

आपल्याकडचा घरगुती मिक्सर एका दुरुस्त न होणाऱ्या मिक्सरमधूनच जन्मला आहे. इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बिघडला आणि इथे दुरुस्त होईना, तेव्हा आपल्या वाटणाला, डाळ-तांदळाला झेपेल असं यंत्र माथुरांनी स्वतः तयार केलं. ते ‘सुमीत’ नावाने बाजारात आलं. दुरुस्तीचा तो प्रश्न आजही आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यावी हा हेतू. माझी मागणी याहून साधी आहे. मिक्सरच्या खोक्यावर वॉट जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापतात, तेवढ्याच अक्षरांत छापा की याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील. दुकानात उभी असलेली बाई मग दोन खोकी शेजारी ठेवून ठरवू शकेल.

आईच्या मिक्सरचे कार्बन, कपलर आणि मजुरी मिळून तीनशे रुपयांच्या आत झालं. “घरी गेल्यावर आधी दोन मिनिटं रिकामा फिरवा, कार्बन बसू द्या. थोड्या ठिणग्या दिसतील, घाबरू नका,” काकांनी सांगितलं.

बहिणीचा मिक्सर त्यांनी ठेवून घेतला. मागच्या फळीवर त्याच मॉडेलचा, आर्मेचर जळलेला एक पडून होता. त्याचा होल्डर शाबूत निघाला तर इकडे बसवणार आहेत. बहिणीचं नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून त्यांनी तो मिक्सरला चिकटवला, “गुरुवारी फोन करा” म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर उलटा केला.