दुसऱ्याचा सिनेमा कापून धंदा होतो का? मालेगावच्या सुपरमॅनकडून शिका



मागच्या एका बॅचला दिग्रसकडचा एक मुलगा आला होता. हॉलिवूडच्या अंतराळ सिनेमांचे तुकडे मोबाइलवर कापायचे, नव्याने जोडायचे आणि वर आपला वऱ्हाडी आवाज टाकायचा, हा त्याचा छंद. यानात बसलेले दोन अंतराळवीर कापसाच्या भावावरून भांडतात. अख्खी बॅच पोट धरून हसली. मग त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, व्ह्यूज तं लय येतात, पण पैसे काहून नाई येत?"

त्याने मोबाइल दाखवला. व्हिडिओखाली सूचना होती की सिनेमाच्या हक्कदाराने दावा केला आहे, उत्पन्न त्यांच्याकडे जाईल. तो म्हणाला, "मेहनत माही, आवाज माहा, मंग पैसा त्याईचा कसा?"

प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी अनेक जण एडिटिंगमध्ये उतरायचं म्हणताय, म्हणून आज त्याचं नीट उत्तर देतो.

हजारो तास मेहनत, गल्ला रिकामा

हा छंद जगभर आहे. १९७७ चा 'स्टार वॉर्स' घ्या. १९९७ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्यात नवी दृश्यं घातली, जुनी बदलली. चाहत्यांना ते रुचलं नाही. काही जणांनी जुन्या प्रती, डिस्क गोळा करून १९७७ चं रूप फ्रेम फ्रेम लावून परत जुळवलं. 'डिस्पेशलाइज्ड एडिशन' या नावाने ते ओळखलं जातं. त्याआधी १९९९ च्या 'द फँटम मेनेस'मधून एका एडिटरने सुमारे २० मिनिटं कापून 'द फँटम एडिट' बनवला होता. अनेकांना तो मूळ सिनेमापेक्षा बरा वाटला.

काम बघाल तर एक नंबर. पण ही माणसं ते विकू शकत नाहीत. सुतार कितीही हुशार असो, लाकूड शेजाऱ्याच्या अंगणातलं असेल तर खुर्ची बाजारात कशी नेणार?

आपला कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ नुसार सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो. मुदत पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. म्हणजे १९७७ चा सिनेमा आपल्याकडे २०३७ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे. टीका किंवा समीक्षेसाठी रास्त वापराची सवलत कलम ५२ मध्ये आहे, पण "गंमत म्हणून केलं" अशी सरसकट सवलत त्यात नाही. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. यूट्यूबचा नियमही माहीत असू द्या. ९० दिवसांत ३ कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं.

मग मालेगावने काय केलं?

आता जरा नाशिक जिल्ह्यात चला. मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद, कामगारांना सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सिनेमा. तिथे शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचे.

त्यांच्यावर बेतलेला रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात सुरुवातीला नासिर तेच करतात जे आपला दिग्रसचा मुलगा करतो. देशोदेशीच्या सिनेमांचे तुकडे जोडून पार्लरमध्ये दाखवतात. गर्दी उसळते. मग पायरसीच्या नावाखाली पोलिसांची धाड पडते, सामान फुटतं. तिथून ते ठरवतात की आता सिनेमा आपलाच बनवायचा.

प्रत्यक्षातल्या नासिर यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' बनवला. खर्च सुमारे ५०,००० रुपये. आज शिशु मुद्रा कर्जाची मर्यादा तेवढीच आहे, बघा! गावातलेच लोक, गावातलीच बोली. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. तो कसा बनला हे फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात दिसतं. सायकलवर कॅमेरा धरून चालता शॉट. क्रेन नाही, तर बैलगाडी. सुपरमॅन उडवायला हिरवं कापड. आणि सुपरमॅन कोण? शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण. त्याची लढाई कुणा परग्रहवासीयाशी नाही, गावातल्या घाणीशी आणि तंबाखूशी.

परदेशातले चाहते दुसऱ्याची फिल्म कापत होते, मालेगावने स्वतःची शूट केली. कल्पना उसनी होती हे खरं. त्यामुळे विडंबन म्हणजे कायद्यातून सुटका असा अर्थ काढू नका, पात्राचं नाव आणि कथा यांवरही हक्क असतो. पण चेहरे, बोली, गावाचं दुखणं हे सगळं त्यांचं होतं. प्रेक्षक त्यासाठी येत होता. हॉलिवूडचा सुपरमॅन कुठेही मिळतो, तंबाखूशी लढणारा मालेगावातच मिळतो.

यवतमाळात हे कसं वापराल?

पहिली गोष्ट, दुसऱ्याच्या सिनेमावर सराव खुशाल करा. घरच्या संगणकावर सीन कापून बघा, कुठे थांबलं की हसू येतं ते शिका. ती तुमची तालीम आहे. तालीम दुकानात मांडू नका.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक गावात शोधा. वणीपासून उमरखेडपर्यंत कृषी सेवा केंद्रं, सराफ, क्लासेस, मंगल कार्यालयं आहेत. वऱ्हाडीत बोलणारी दोन मिनिटांची जाहिरात त्यांना मुंबईची एजन्सी करून देणार नाही.

तिसरी गोष्ट, भाव काढायला शिका. समजा, अशा जाहिरातीला शूटिंग ४ तास आणि एडिटिंग ६ तास लागलं. तुमच्या तासाचे १५० रुपये धरले तर १,५०० झाले. पेट्रोल २००, लॅपटॉप-मोबाइलच्या झिजेचे १००. खर्चच १,८०० झाला. "ओळखीचं आहे, हजारात करून दे" याला हो म्हणालात तर ८०० रुपये घरून घालताय. नफा तर अजून धरलेलाच नाही.

चौथी गोष्ट, कागद करा. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी बनवलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. कलम १७ तसं सांगतं. म्हणून व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: रक्कम किती, आगाऊ किती, बदल किती वेळा, आणि नमुना म्हणून हा व्हिडिओ मी माझ्या चॅनलवर दाखवू शकतो.

पाचवी गोष्ट, गाणं. लग्नात गाणं वाजणं वेगळं आणि त्याच गाण्यावर व्हिडिओ जोडून चॅनलवर टाकणं वेगळं. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे. त्याहून भारी म्हणजे गावातल्या बँडवाल्याला योग्य पैसे देऊन चाल वाजवून घ्या आणि त्याची लेखी परवानगी ठेवा.

दिग्रसच्या मुलाचं काय झालं?

त्याला मी एकच सांगितलं, "यान तुझं बनव." तो आधी नाराज झाला. म्हणाला, "सर, त्याईच्या यानाले कोट्यवधी लागते, माह्याकडं काय हाय?"

महिनाभराने त्याने व्हिडिओ पाठवला. जुनी फवारणीची टाकी आणि चांदीचा कागद, झालं यान. ते कापसाच्या वावरात उतरतं. परग्रहावरचा पाहुणा बाहेर येतो, पण कुणी ढुंकून बघत नाही, कारण वेचणीच्या भावावरून घासाघीस चाललेली. शेवटी एक म्हातारी त्याच्याही गळ्यात वेचणीची झोळी अडकवते. म्हातारी म्हणजे त्याची खरी आजी.

व्ह्यूज आधीपेक्षा कमी आले. पण खाली कुणाचा दावा नव्हता. आणि जवळच्या एका कृषी केंद्रवाल्याने फोन केला, "तो पाहुणा आमच्या दुकानात येईन का?" काम छोटंच होतं. पण आगाऊ रकमेसाठी त्याने पहिल्यांदाच न लाजता तोंड उघडलं, आणि ती मिळालीसुद्धा.

आजचा गृहपाठ: एक वही घ्या. डाव्या पानावर लिहा, तुम्ही आज जे बनवता त्यात दुसऱ्याचं काय काय आहे: दृश्य, गाणं, पात्र, नाव. उजव्या पानावर लिहा, त्या प्रत्येकाच्या जागी तुमच्या गावातलं काय येऊ शकतं. उजवं पान भरलं की मला कळवा. त्या दिवसापासून तुमचा माल तुमचा.