दाह उतरला की ताकद येते?

उतारवयात ताकद ओसरते, त्यामागे अंगातला मंद, छुपा दाह असावा, असं संशोधकांना वाटतं. म्हणून दाह कमी करणाऱ्या गोळ्यांकडे आशेने पाहिलं जातं. चाचण्यांचे निकाल मात्र सावध करणारे आहेत.

गैरसमज : वय झालं की माणूस खंगायचाच.
वस्तुस्थिती : ऐंशीतही अनेक जण धडधाकट असतात. 'फ्रेलिटी' म्हणजे दुर्बलता ठरवायला निकष आहेत. लिंडा फ्रीड यांच्या गटाने २००१ मध्ये पाच मांडले : आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंदावलेली चाल, कमी हालचाल. यांतले तीन लागू पडले तर ती दुर्बलता.

गैरसमज : रक्तात सीआरपी वाढलाय, म्हणजे कारण सापडलं.
वस्तुस्थिती : दुर्बल ज्येष्ठांमध्ये सीआरपी आणि आयएल-६ हे रक्तातले दाहाचे निदर्शक बऱ्याचदा वाढलेले आढळतात. पण लठ्ठपणा, संसर्ग, जुनी दुखणी यांनीही ते वाढतात. सोबत आढळलं म्हणजे कारण ठरत नाही.

गैरसमज : माशाच्या तेलाने दाह उतरतो, चाल सुधारते.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या 'एनर्जाइज' चाचणीत हेच तपासलं. सत्तरीपुढचे, हळू चालणारे, आयएल-६ वाढलेले २८९ जण निवडले. काहींना माशाचं तेल दिलं, काहींना लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी, तर काहींना औषध नसलेली गोळी. वर्षभरात ना आयएल-६ उतरलं, ना ४०० मीटर चालण्याचा वेग वाढला. मात्र इथे दाहच कमी झाला नाही. त्यामुळे तो कमी केल्यास ताकद येते का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

गैरसमज : दाह उतरवायला रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी घेतलेली बरी.
वस्तुस्थिती : 'अ‍ॅस्प्री' चाचणीत १९,११४ निरोगी ज्येष्ठ होते. अ‍ॅस्पिरिनने त्यांची अपंगत्वाविना जगण्याची वर्षं वाढली नाहीत. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. रोजच्या वेदनाशामक गोळ्याही पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. अर्थात, हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करू नये.

गैरसमज : मग उपायच नाही.
वस्तुस्थिती : आहे, पण तो गोळीत नाही. 'लाइफ' चाचणीत ७० ते ८९ वयाच्या, बैठी सवय असलेल्या १,६३५ जणांपैकी निम्म्यांना चालणं, पायांना वजन बांधून व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव दिला. उरलेल्यांना आरोग्याची व्याख्यानं. सरासरी २.६ वर्षांत ४०० मीटर चालणं अशक्य होण्याची वेळ व्याख्यानवाल्यांतल्या ३५.५ टक्क्यांवर आली, व्यायाम करणाऱ्यांतल्या ३०.१ टक्क्यांवर. फरक डोळे दिपवणारा नाही, पण वरच्या चाचण्यांतल्या गोळ्यांना तेवढाही दाखवता आलेला नाही.