आतेची काव आणि कॅमेऱ्याचा शहाणपणा

ज्यांनी हा भाग बसमध्ये ऐकला आणि आकडे हुकले, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी दोनदा भरकटलो होतो, तेवढं कापलंय. बाकी जसंच्या तसं.

विषय वेबकॅमचा आहे, पण सुरुवात माझ्या आतेपासून करावी लागेल. आते चित्रकलेची शिक्षिका होती. रिटायर झाली तरी मालवणात घरच्या पडवीत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांचा क्लास घेते. पावसाळ्यात देवबागकडची, आचऱ्याकडची पोरं येऊ शकत नाहीत. मी बीटेक, घरून काम करणारा, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीची जबाबदारी आपोआप माझी. मीच म्हटलं, रेकॉर्ड करूया. ऑफिसच्या मीटिंगसाठी घेतलेला वेबकॅम होताच. सहा धडे झाले, पोरांना पाठवले, मी खूश.

सहावा धडा कावी नक्षीचा होता. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर बघितली असेल: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. आते तोच परिणाम कागदावर रंगांनी करून दाखवते. पुढच्या आठवड्यात उघडीप मिळाली, पोरं कागद घेऊन आली. सगळ्यांची काव जांभळट चॉकलेटी! एकीने तर व्हिडिओतल्यासारखा रंग यावा म्हणून निळा मिसळला होता. आतेने माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "हो माझो रंग न्हय. माझ्या नावान चुकीचा शिकवलंस तू पोरांका." रेकॉर्डिंग बंद. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आणि खरं सांगू, तिचं बरोबर होतं.

झालं काय होतं? वेबकॅममध्ये ऑटो व्हाइट बॅलन्स असतो. बल्बच्या पिवळ्या उजेडातही तुमचा चेहरा नीट दिसावा म्हणून तो रंग स्वतः दुरुस्त करतो. त्याचा ढोबळ अंदाज असा की, चित्रातले सगळे रंग मिसळले तर साधारण राखाडी यायला हवा. मीटिंगमध्ये हे चालतं. पण अख्खी फ्रेम तांबडी झाली की त्याला वाटतं उजेडच तांबडा आहे, आणि तो सगळं निळ्याकडे ढकलतो. आते जसजशी जास्त कागद रंगवत गेली, तसतशी तिची काव बिघडत गेली. धड्याच्या सुरुवातीला रंग बरोबर आहे, शेवटी नाही. इतकं हळूहळू, की रेकॉर्ड करताना मला कळलंच नाही.

म्हणून चित्रकलेसाठी वेबकॅम घेताना माझा पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नसतो. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर आणि फोकस, या तिन्हींचं ऑटो बंद करता येतं का? येत नसेल तर तो कॅमेरा ४के असला तरी चित्रकलेला निरुपयोगी. ओबीएस स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात कॅमेरा जोडून त्याच्या प्रॉपर्टीज उघडल्या की कोणकोणते स्लायडर हलतात ते लगेच दिसतं. मित्राचा कॅमेरा तासभर आणून हे बघितलंत तर पैसे वाचतील.

एक्स्पोजरचं दुखणं व्हाइट बॅलन्ससारखंच. कोरा पांढरा कागद दिसला की कॅमेरा चित्र काळवंडवतो, हात मध्ये आला की कागद भगभगीत करतो. लॉक करायची युक्ती सोपी आहे: ज्या दिव्याखाली शिकवणार तो दिवा लावा, कोरा कागद ठेवा, तो स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर हलवा आणि मग हात लावू नका. काही वेबकॅम वायर काढून परत जोडली की सेटिंग विसरतात, तेव्हा दर वेळी बघा. तिथेच पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी असा पर्याय असतो, तो ५० हर्ट्झ ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सेटिंग ६० वर राहिलं की व्हिडिओत पट्टे सरकत राहतात.

फोकस. स्वस्त वेबकॅमचा फोकस बहुतेक वेळा कायमचा ठरलेला असतो, टेबलासमोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी. जवळच्या कागदावरची पेन्सिल त्यात मऊ दिसते. ऑटोफोकसवाला घ्या, कागदावर फोकस होऊ द्या, आणि मग ऑटो बंद करा. नाहीतर तो कधी बोटांवर, कधी कागदावर उड्या मारतो. आतेची तक्रार होतीच, "हात दिसता, पण ब्रश खय गेलो?"

आता थोडं गणित. आते पाव इम्पिरियल कागद वापरते, म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेमी. रंगाची ताटली आणि हातासाठी जागा धरून ५५ सेमी रुंद फ्रेम लागते. १०८०पी म्हणजे रुंदीत १९२० पिक्सेल, भागा ५५ ने, सेंटीमीटरला ३५ आले. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघ पावणेदोन पिक्सेलची झाली. दिसते, पण जेमतेम. ४के मध्ये हे दुप्पट होतं. तरी मी १०८०पीवरच थांबलो, कारण पोरं सगळं फोनवर बघतात आणि बारीक कामाच्या वेळी आम्ही कॅमेरा खाली आणतो. आणखी एक गंमत: १०८०पीचं ३० फ्रेमचं कच्चं चित्र सेकंदाला जवळपास १००० मेगाबिट होतं आणि यूएसबी २.० ची हद्द ४८०. म्हणजे साधा वेबकॅम वायरीत शिरण्याआधीच चित्र दाबून बारीक करतो. खोक्यावरचा आकडा मोठा असूनही चित्र चिखलासारखं दिसतं, त्याचं एक कारण हे.

कॅमेरा कुठे ठेवायचा? कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. तिथे चित्र प्रेक्षकांसमोर उभं धरतात, कारण गोष्ट चित्रात असते. आपल्या क्लासमध्ये गोष्ट हातात आहे. ब्रश किती तिरका, पाणी किती, मनगट कुठे टेकलंय, हे दिसायला हवं. म्हणून कॅमेरा वरून. साधारण ७० अंश आडवा कोन असलेला वेबकॅम कागदापासून ४० सेमीवर ठेवला की ५५ सेमी रुंदी मिळते. पण ४० सेमीवर शिकवणाऱ्याचं डोकं येतं! म्हणून दांडी समोरच्या बाजूने आणायची आणि चित्र ओबीएसमध्ये १८० अंश फिरवायचं. दांडी पडवीच्या वाशाला बांधू नका. मी बांधली होती. वाऱ्याने सगळा धडा होडीत बसून काढल्यासारखा दिसला.

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, वेबकॅम कशाला, फोन आहे ना? अगदी बरोबर. मधल्या किमतीच्या फोनचा मागचा कॅमेरा बहुतेक वेबकॅमपेक्षा सरस असतो. तांदळाच्या दोन डब्यांवर पाट आडवा ठेवा आणि फोनचा कॅमेरा पाटाच्या कडेबाहेर काढा, झाला स्टँड. ओपन कॅमेरा नावाच्या फुकट ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक होतात. वेबकॅमचा फायदा एवढाच की तो कायम जागेवर राहतो, तापत नाही, आणि ऐन धड्यात कुणाचा कॉल येत नाही. रोज शिकवणार असाल तर घ्या, महिन्यातून दोनदा असेल तर पैसे दिव्यावर घाला.

गंजिफा रंगवणाऱ्यांसाठी जाता जाता. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेची १२० पानं, प्रत्येकावर बारीक काम. कॅमेरा पानाच्या नाकाशी नेऊ नका, फोकस होणार नाही आणि सावली पडेल. थोडं लांबून दुप्पट झूम करा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. खारी हवा यूएसबीच्या टोकाला गंज आणते आणि पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो आणखी दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ७२०पी, २ मेगाबिटचा वीस मिनिटांचा धडा ३०० एमबी होतो, तेवढा देवबागला रात्री उतरतो.

आते परत बसली, पण अट घालून. प्रत्येक धड्याआधी ती कागदाच्या कोपऱ्यात कावेची एक पट्टी ओढते. मी दहा सेकंद रेकॉर्ड करतो, फोनवर घेतो आणि ती फोन कागदाशेजारी धरून बघते. पहिल्या दिवशी चार वेळा "नाय" म्हणाली. पाचव्यांदा काही न बोलता ब्रश पाण्यात बुडवला, म्हणून मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

पुढच्या भागात माईक: कौलांवर पाऊस कोसळत असताना आवाज कसा घ्यायचा. भेटू.