आधी सॉकेट, मग शेगडी

मैत्रिणींनो, ऐन सकाळी सिलिंडर संपतो आणि वाटतं, विजेची शेगडी घ्यावी. आम्ही म्हणतो, घ्या, पण आधी वायरमनला घरी बोलवा. इंडक्शन बहुधा 2000 वॅटची असते; पंचवीसेक पंखे एकदम लावल्यासारखा भार. पंख्या-दिव्यांचा 6 अँपिअरचा सॉकेट तो सोसत नाही. 16 अँपिअरचा सॉकेट, जाड तार आणि अर्थिंग हवंच. भाड्याची खोली असेल तर घरमालकाशी बोला. आणि आपल्या भिवंडीत खाली माग, वर बिऱ्हाड; म्हणून मागाच्या मीटरवरून स्वयंपाकघरात तार ओढू नका. दर वेगळा असतो, तो विजेचा गैरवापर ठरतो.

भांड्याच्या बुडाला चुंबक लावून बघा. चिकटलं तर चालेल. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. शेगडी बिघडली म्हणून दुकानदाराशी भांडू नका! सपाट लोखंडी तवा चालतो, पण भाकरी आचेवर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्यानं दाबावी लागते.

पूर्ण आचेवर तासाला 2 युनिट जातात. रोज दीड तास धरला तर महिन्याला 90. घरगुती बिलात 100 युनिटांपुढे दर चढतो, तेव्हा मागचं बिल काढून हे 90 त्यात मिळवा. वीज गेली की चूल थंड, म्हणून गॅसचं कनेक्शन एवढ्यात परत करू नका.