लाट येण्याआधीची बातमी

समुद्राचा रागरंग आकाशावरून कळतो, असे आपण समजतो. परंतु ताहिती बेटावरील तेआहुपोओ येथे ही समजूत अपुरी पडते. 2024 च्या ऑलिंपिकमधील सर्फिंगच्या स्पर्धा येथेच झाल्या. येथील मोठ्या लाटा जन्मतात हजारो किलोमीटर दक्षिणेकडील वादळांत. एकीमागून दुसरी 16 सेकंदांनी येणाऱ्या लाटांची रांग खोल पाण्यातून ताशी सुमारे 45 किलोमीटर वेगाने सरकते. 3,000 किलोमीटर कापण्यास तिला जवळजवळ तीन दिवस लागतात. म्हणूनच आगाऊ अंदाज वर्तविता येतो. किनाऱ्याजवळ खोल समुद्र एकदम संपून उथळ प्रवाळखडक लागतो आणि लाट अकस्मात उभी राहून कोसळते. तिचा आकार मात्र स्थानिक वारा ठरवितो: जमिनीवरून येणारा वारा तिला सावरून धरतो, समुद्रावरून येणारा विसकटतो. तेव्हा दूरचे वादळ आणि जवळचा वारा, दोन्ही पाहावे लागतात.

हे केवळ खेळापुरते नाही. आपल्या केरळातही दूर दक्षिणेच्या वादळांतील लाटा निरभ्र आकाशाखाली घरांत शिरतात. तेथे त्यांना ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोरटा समुद्र, म्हणतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यांची पूर्वसूचना देते. आकाश स्वच्छ दिसले म्हणून होडी लोटण्यापूर्वी ती सूचना ऐकलेली बरी.