मशेरी आणि वाटाण्याएवढी पेस्ट

श्रोतेहो, डहाणू-तलासरीकडे सकाळी कुणाच्या तोंडात करंजाची काडी, कुणाच्या हातात ब्रश, तर कुणाच्या बोटावर मशेरी. काडीबद्दल माझी तक्रार नाही. टोक चावून मऊ करा आणि हिरड्या सांभाळा म्हणजे झाले. मशेरी मात्र भाजलेली तंबाखूच. तिची तलफ लागते, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजणाऱ्याला कोण अडवणार?

“पेस्ट परवडत नाही हो,” असे आयाबाया म्हणतात. तर गुरुजी, बाई, हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडा. ब्रशभर पेस्ट म्हणजे सुमारे १ ग्रॅम. वाटाण्याएवढी म्हणजे पाव ग्रॅम. दिवसातून दोनदा घासले तर १०० ग्रॅमची नळी एका माणसाला ५० दिवसांऐवजी २०० दिवस जाते, पाच जणांच्या घराला ४० दिवस. फेस कमी येईल, येऊ द्या! दात साफ होतात ते दोन मिनिटे घासल्याने. नळीवर फ्लोराइड लिहिलेले पाहून घ्या. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढीच लावा, ते गिळते. आणि नळी संपली असे वाटले, की कात्रीने मधोमध कापून आत बघा.